उजवा गाल

सातपूरच्या शेडमध्ये माझं काम
बाटल्या म्हाताऱ्या करण्याचं.
चाळीस अंशांच्या कपाटात ठेवायच्या,
सहा महिन्यांत दोन वर्षं उरकायची,
आणि दर सोमवारी उजेडात धरून पाहायचं
कोण किती पिवळं पडलं.

व्हिटॅमिन सीचं सीरम
पहिल्या दिवशी पाण्यासारखं,
मग गुळवणी,
मग कोरा चहा.
मी रजिस्टरात लिहिते: रंग बदलला, नापास.
शेजारच्या टेबलावरून शमीम म्हणते,
नापास कसलं गं, कामी आलं बिचारं.

खरंच बोलते ती.
ऊन, धूर, कधी नुसती हवाच
कातडीतल्या एखाद्या कणाला असं करून ठेवते
की त्याचा एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरतो.
मग तो सैरभैर.
शेजाऱ्याचा ओढतो,
शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा,
बाजेची एक सुतळी तुटावी
आणि रोज निजता निजता
सगळी वीण पोटात बसावी, तसं.
सी मध्ये येतं, म्हणतं, हा घे माझा.
देतं,
आणि स्वतः तपकिरी होतं.
अहवालात याला चार पानं लागतात.

दिंडोरीहून पोत्यांनी बिया येतात,
वायनरीतला चोथा, आंबूस वासाचा.
द्राक्षाला उठून सावलीत जाता येत नाही,
म्हणून ते सालीत, बियांत
उन्हावरचा उतारा साठवत बसतं.
आम्ही तो पिळून घेतो,
तीस मिलीच्या काळपट बाटलीत भरतो.
कॉलेज रोडला तिची किंमत
माझ्या चार दिवसांच्या पगाराएवढी.

आता पुंजारामचं सांगते.
बावीस वर्षं टेम्पो, पिंपळगाव ते धुळे, पेट्या घेऊन.
सकाळी जाताना ऊन उजवीकडून,
संध्याकाळी परतताना समोरून,
तेही उजवीकडेच कललेलं.
काच लावलेली असते, तो म्हणतो, मग कुठलं ऊन?
काच चटका अडवते, बाबा.
सुरकुती आत येऊ देते.

त्याचा डावा गाल अजून
लग्नाच्या फोटोतल्या माणसाचा.
उजवा त्याच्या वडिलांचा.
मधे नाक, बांधासारखं.
बाजूने पाहिलं तर दोन गांगुर्डे,
एक मला ओळखतो,
एकाला मी सासरे म्हणून वाकून नमस्कार केला होता.

परवा एक चांगली बाटली विकत घेतली,
कामगारांच्या सवलतीत.
त्याला खुर्चीत बसवलं.
तो म्हणाला, पुसून निघेल का बावीस वर्षं?
नाही, म्हटलं.
झालं ते झालं, फार तर थोडं फिकट होईल.
हे पुढच्यासाठी.
आणि सकाळी यावर सनस्क्रीन लावायचं,
नाहीतर हे एकटं काय काय निस्तरणार?
मग डाव्याला नको का?
त्याला पण लाव, म्हटलं, त्याचा काय गुन्हा.

चार थेंब.
त्याची दाढी बोटांना खरखरली.
गाल चुरचुरतोय म्हणाला, पण हलला नाही,
डोळे मिटून घेतले,
जसे तो हायवेवर कधीच मिटत नाही.

पंधरा दिवस झाले. गाल आहे तसाच आहे.
उशीच्या अभ्र्यावर मात्र उजव्या बाजूला
एक पिवळसर डाग उतरलाय, हळदीचा वाटावा असा,
दोनदा भिजत घातला, जात नाही.
कामाच्या सवयीने
मी तो खिडकीपाशी उजेडात धरला,
रंग पाहिला,
आणि शेरा न लिहिता
घडी करून ठेवला.